अल्प द्रव्यांत वेगवान मोटार

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्यां न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं एका इस्पितळांत परिचारकाचें काम करितो. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. शाळेंत असतांना त्याच्या पदार्थविज्ञानाच्या वहीचीं मागचीं पानें मोटारींच्या चित्रांनीं भरलेलीं असत. तेव्हां आज पंधरा वर्षांनीं त्यानें मोटारीविषयींच सल्ला विचारावा ह्याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. त्यानें बारा हजार डॉलर शिल्लक टाकिले आहेत. जपानांतून आलेल्या जुन्या वेगवान मोटारी तिकडे गल्लोगल्लीं दिसतात. त्यांपैकीं चार त्यानें निवडून ठेविल्या आहेत, आणि 'सर, ह्यांतली कोणती घेऊं?' एवढाच त्याचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान दिसतो. पण ते बारा हजार डॉलर कोणते, हें आम्ही जाणतों. त्याच्या आईनें हातांतल्या बांगड्या गहाण टाकून त्याला परदेशीं धाडिलें. त्या बांगड्या सुटल्याला अद्याप वर्ष झालें नाहीं, आणि त्यानंतर जें उरलें तें त्याचें स्वतःचें असें पहिलें द्रव्य. शिवाय त्याची पाळी पुष्कळदां रात्रीची असते. पहांटे तीन वाजतां कामावरून सुटलेल्या माणसाची मोटार चालू झाली नाहीं, तर त्याला उजाडेपर्यंत तेथेंच बसावें लागतें. घरीं पत्नी व दोन वर्षांची मुलगी आहे, आणि पुढल्या वर्षीं आईला कांहीं महिने तिकडे नेण्याचें त्याच्या मनांत आहे. कित्येक वडीलधारे म्हणतील कीं, त्यानें मुकाट्यानें एखादी साधी, मंद गाडी घ्यावी व हा नाद सोडावा. आम्ही तसें म्हणत नाहीं. उत्तम यंत्राची आवड असणें हा दोष नव्हे. दोष असला तर तो किंमत मोजण्याच्या रीतींत असतो, आणि त्याविषयींच आम्हांस लिहावयाचें आहे. वरच्या वर्गांतील मुलें मधल्या सुटींत ह्याच गाड्यांवरून भांडत असतात, म्हणून त्याला दिलेल्या उत्तराचा बराच भाग येथें छापीत आहों.

आपल्या मुलांनीं ह्या गाड्या बहुधा सिनेमांत किंवा पडद्यावरील खेळांतच पाहिलेल्या असतात. भारतांत तीन वर्षांहून जुनी परदेशी मोटार आणण्यास सामान्यतः परवानगी नाहीं, आणि जी आणितां येते तिच्यावरील जकात चांगल्या मिळवत्या माणसाचीही कंबर मोडील. न्यूझीलंडची गोष्ट निराळी. तेथें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जुन्या मोटारींच्या आयातीवरील बंधनें सैल झालीं व १९९८ सालीं मोटारींवरील जकातच उठली. त्याच वर्षीं त्या देशांतील मोटारजुळणीचे शेवटचे कारखाने बंद पडले. दोन्ही देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, म्हणून जपानांत बांधलेली गाडी फेरफार न करतां तेथें चालते.

जपानी मनुष्य चांगली गाडी इतक्या लवकर कां विकतो, असा प्रश्न मुलें करितात. तिकडे नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनीं व पुढें दर दोन वर्षांनीं होते. तिला 'शाकेन' म्हणतात. तपासणी, विमा व कर मिळून तो खर्च पुष्कळ होतो; पेट्रोलची गाडी तेरा वर्षांहून जुनी झाली कीं तिच्यावरील वाहनकरही वाढतो. मग गाडी लिलावांत जाते, आणि तेथून दलालामार्फत जहाजावर चढते. २०१८ सालीं अशा जहाजांत झाडांचा नाश करणाऱ्या दुर्गंधी ढेकणांची एक जात सांपडल्यावरून कांहीं जहाजें ऑकलंडहून मोटारींसकट परत फिरविण्यांत आलीं! शेतीवर जगणाऱ्या देशानें मोटारींपेक्षां फळबागांची काळजी अधिक करावी, हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

आतां गाड्यांकडे वळूं. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाची सुप्रा व माझदाची आरएक्स-७ हीं तीन नांवें मुलांच्या तोंडीं नेहमीं असतात. तीं नांवें उगीच झालेलीं नाहींत. १९८९ सालीं निघालेल्या जीटी-आरनें ऑस्ट्रेलियांतील बॅथर्स्टची शर्यत १९९१ व १९९२ अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. परंतु ह्या गाड्या आतां अल्प द्रव्याच्या राहिल्या नाहींत. अमेरिकेचा कायदा असा कीं, तेथील नियमांस अनुसरून न बांधलेली मोटार पंचवीस वर्षांची होईपर्यंत सहसा देशांत घेतां येत नाहीं. १९८९ सालची जीटी-आर त्यामुळें २०१४ सालीं व १९९९ सालची २०२४ सालीं अमेरिकन गिऱ्हाइकास मोकळी झाली, आणि जपानांतील लिलावांत त्याची थैली आपल्या विद्यार्थ्याच्या थैलीशेजारीं येऊन बसली. 'फास्ट अँड फ्युरिअस' ह्या सिनेमांत पॉल वॉकर ह्या नटानें चालविलेली एक सुप्रा २०२१ सालीं अमेरिकेंत ५,५०,००० डॉलरांस गेली. तेव्हां बारा हजारांत जीटी-आर देऊं करणारा कोणी भेटला, तर तो सांगाडा विकीत आहे असें खुशाल समजावें. आमच्या विद्यार्थ्यानें ह्या तिघींचें नांवही काढिलें नाहीं, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

अश्वशक्तीच्या आंकड्यांविषयीं एक गोष्ट येथें सांगून ठेवितों. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कारखानदारांत असा आपसांतला करार होता कीं, स्वदेशीं विकावयाच्या कोणत्याही मोटारीची शक्ति २८० अश्वशक्तीहून अधिक दाखवावयाची नाहीं. त्यामुळें ज्या गाडींत खरोखर अधिक जोर होता तिच्याही कागदावर २८० च लिहिलेलें असे. आणि न्यूझीलंडांत मोकळ्या रस्त्यावरील कायदेशीर वेग ताशीं १०० किलोमीटर, कांहीं थोड्या महामार्गांवर ११०. ह्या चारी गाड्या तो वेग सहज ओलांडतात. म्हणजे २८० आणि १४५ ह्यांतला फरक बहुतेक दिवस नुसता दारांत उभा राहणार. त्याचा खर्च मात्र रोज चालू.

पहिली गाडी सुबारूची लेगसी बी-४. १९९८ पासून निघालेली, दोन टर्बोंची, २८० अश्वशक्तीची, चारही चाकांस जोर देणारी. त्याचा ओढा हिच्याकडे होता व तो ओढा आम्हांस कळतो. हिच्या इंजिनांत सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंस आडवे निजलेले असतात. त्यामुळें भार खालीं राहतो व गाडी वळणावर रस्ता सोडीत नाहीं. पावसाळी देशांत चारी चाकांचा जोर म्हणजे मोठा आधार. पण टर्बो काय वस्तु आहे हें घेणारानें नीट समजून घेतलें पाहिजे. इंजिनांतून बाहेर जाणाऱ्या तप्त वायूनें एक लहान चक्र फिरतें. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. हवा अधिक तेव्हां पेट्रोल अधिक, आणि पेट्रोल अधिक तेव्हां जोर अधिक. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो, आणि त्याला आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा. पहिल्या मालकानें तेल वेळेवर बदललें नाहीं, तर त्याच्या आळसाचें प्रायश्चित्त तिसऱ्या मालकास घ्यावें लागतें. बी-४ मध्यें असे दोन टर्बो. लहान वेगांत पहिला काम करितो, पुढें दुसरा येऊन मिळतो. त्या हातबदलीच्या वेळीं, चार हजार फेऱ्यांच्या पुढेंमागें, जोर क्षणभर ओसरतो. ही हातबदली ज्या बारीक रबरी नळ्यांच्या जाळ्यानें चालते, त्या नळ्या पंचवीस वर्षांत लांकडासारख्या कडक होतात; त्यांतली नेमकी कोणती तडकली हें शोधतांना चांगला मिस्त्रीही रडकुंडीस येतो.

दुसरी माझदाची आरएक्स-८, २००३ पासूनची. हिचें इंजिन जगावेगळें आहे. त्यांत खालींवर जाणारे दट्टे नाहींत. मध्यें किंचित् चिमटलेल्या अंडाकृति पोकळींत एक त्रिकोणी तुकडा फिरतो, आणि त्याच्या फिरण्यांतच हवा घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें हीं चारी कामें उरकतात. फेलिक्स वांकेल ह्या जर्मन संशोधकाची ही कल्पना हिरोशिमाच्या माझदा कंपनीनें १९६७ सालच्या कॉस्मो स्पोर्टपासून मोठ्या चिकाटीनें चालविली, आणि १९९१ सालीं अशाच इंजिनाच्या गाडीनें फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. भूमितीवर प्रेम करणाऱ्या कोणाही मनुष्यास हें इंजिन पाहून आनंद व्हावा. आम्हांस तर होतोच. अवघ्या १३०८ घनसेंटिमीटरांतून, टर्बोवांचून, २५० अश्वशक्ति आणि मिनिटाला साडेआठ हजार फेरे, तेही शिवणाच्या यंत्रासारखे मऊ! परंतु त्रिकोणाच्या तीन टोंकांस ज्या पट्ट्या बसविलेल्या असतात त्या झिजल्या कीं दाब जातो, आणि दाब गेला कीं सबंध इंजिन नव्यानें बांधावें लागतें. ह्या पट्ट्या कोरड्या पडूं नयेत म्हणून इंजिन जाणूनबुजून थोडें तेल जाळीत असतें. मालकानें वरचेवर तेल पाहिलें नाहीं तर तें निमूटपणें संपतें. विकत घेण्यापूर्वीं, इंजिन चांगलें तापल्यावर बंद करून लगेच पुन्हां चालू करून पाहावें. तें कुरकुरूं लागलें तर दाब गेल्याची ती खूण आहे. आणि अशा इंजिनाचा दाब मोजण्याचें साधनही निराळें असतें, तें ज्याच्यापाशीं आहे अशाच मिस्त्रीकडे गाडी न्यावी. आणखी एक खोड अशी कीं, गार इंजिन चालू करून गाडी दोन हात पुढें घेतली व लगेच बंद केली, तर पेट्रोलानें ठिणगीचे प्लग भिजतात आणि मग ती पुष्कळ वेळ हालत नाहीं. ज्याला पहांटे तीनला घरीं जावयाचें आहे त्यानें हिच्याशीं संसार थाटूं नये. पेट्रोलचा खर्चही मोठ्या इंजिनाच्या गाडीएवढा.

तिसरी माझदाचीच रोडस्टर. परदेशीं तिला एमएक्स-५ म्हणतात. १९९८ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तींत १८०० घनसेंटिमीटरांचें साधें इंजिन व १४५ अश्वशक्ति. हा आंकडा ऐकून आमच्या दहावीच्या मुलांनीं नाकें मुरडलीं. त्यांस फळ्यावर भागाकार करावयास लाविला, तेव्हां कांहीं नाकें सरळ झालीं. कारण लेगसी जवळजवळ दीड टनाची, तर ही सुमारें एका टनाची. हलकी गाडी थांबतेही लवकर, टायर कमी झिजविते, आणि वळणावर चालकाच्या हाताला रस्त्याचें सगळें वर्तमान कळविते. कापडी छताचें पाणी वाहून नेणारे मार्ग कचऱ्यानें तुंबले तर दारांखालचा पत्रा मागच्या चाकांपाशीं आंतून कुजतो. तेथें अंगठ्यानें दाबून पाहावें. बाकी तिच्यांत बिघडण्यासारखें फारसें नाहीं. तो एकटा असता तर आम्हीं दुसरें नांव घेतलें नसतें. पण दोन आसनांच्या गाडींत मुलगी कोठें बसेल, आणि आई कोठें बसेल?

उरली टोयोटाची अल्टेझा आरएस-२००. हीही १९९८ सालचीच. दोन लिटरांचें, टर्बो नसलेलें, यामाहा कंपनीच्या साहाय्यानें सिद्ध झालेलें इंजिन, २१० अश्वशक्ति, सहा गिअर, जोर मागच्या चाकांस, दारें चार आणि आसनें पांच. वेगदर्शक तबकडी मनगटी घड्याळासारखी केलेली आहे, आणि मागचे पारदर्शक दिवे तर इतके लोकप्रिय झाले कीं, भलत्याच गाड्यांनीं जगभर त्यांची नक्कल केली. गंमत अशी कीं, हिचीच सहा गिअरांची पेटी थोड्याफार फरकानें निस्सानच्या सिल्व्हियांत व माझदाच्या आरएक्स-८ मध्येंही बसविलेली आहे. म्हणजे रस्त्यावर भांडणाऱ्या तरुणांच्या गाड्या पोटांत एकाच घरच्या! अल्टेझाचा दोष म्हणाल तर खालच्या फेऱ्यांत ती सुस्त आहे. सात हजारांच्या पुढें नेल्याशिवाय ती आपलें खरें बळ दाखवीत नाहीं. उतावळ्यास हा दोष वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. पंचविशींतल्या यंत्रांत जें नाहीं तें बिघडत नाहीं, आणि हिच्यांत टर्बो नाहींत, त्यांच्या नळ्या नाहींत, त्रिकोणाच्या पट्ट्या नाहींत. एक दांतेरी बेल्ट आहे. तो सुमारें एक लाख किलोमीटरांवर बदलावा लागतो. बदलल्याचा कागद नसेल तर बदललेला नाहीं असेंच धरावें.

बारा हजार आहेत म्हणून बारा हजारांची गाडी घ्यावयाची, ही जी तरुणांची समजूत, तीच आमच्या मतें साऱ्या अनर्थाचें मूळ आहे. त्यानें गाडीवर आठ हजारांहून एक डॉलरही अधिक घालूं नये व चार हजार बाजूस ठेवावे. टायर, ब्रेक, बेल्ट, पाण्याचा पंप व सगळीं तेलें एवढें पहिल्याच महिन्यांत करावें. ह्या गाड्या जपानांतील उंची पेट्रोलास जुळवून केलेल्या आहेत. तिकडे ९१, ९५ व ९८ अशा दर्जांचें पेट्रोल मिळतें, त्यांतलें ९१ चें स्वस्त म्हणून भरूं नये. विम्याची सक्ति तेथें नाहीं. अपघातांत शरीरास झालेल्या इजेचा खर्च सरकारी योजनेंतून चालतो. म्हणून पुष्कळ तरुण विमा उतरवीतच नाहींत, आणि समोरच्याच्या नव्या गाडीस धक्का लागला म्हणजे वर्षानुवर्षें भरपाई करीत बसतात.

आमचाच दुसरा एक विद्यार्थी, ह्याच्या दोन वर्षें पुढचा, त्याच शहरीं राहतो. त्यानें होते नव्हते ते सारे पैसे घालून एक मोठी टर्बोगाडी घेतली. गाडी कोणत्या कारखान्याची हें सांगत नाहीं, कारण दोष कारखान्याचा नव्हता. आधींच्या मालकानें तिचा दाब वाढवून घेतला होता, व विकतांना तो भाग काढून मूळचा बसविला होता. चवथ्या महिन्यांत इंजिनाच्या तळाशीं ठकठक ऐकूं येऊं लागली. इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीएवढा सांगण्यांत आला. ती गाडी वर्षभर दारांत उभी होती, आणि तेवढें वर्ष त्याच्या धाकट्या बहिणीच्या कॉलेजाचे पैसे आले नाहींत. तिला आम्हींच गणित शिकविलें आहे. तें वर्ष तिनें घरीं काढिलें; पुढें गेली, पण पहिल्यासारख्या उमेदीनें नव्हे. अश्वशक्तीचा हिशेब करितांना हाही आंकडा कोठेंतरी मांडावा लागतो.

म्हणून दुसऱ्याच्या हातानें 'सुधारलेली' गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, असें आमचें ठाम मत आहे. खालीं बसविलेली, मोठ्या धुराड्याची, कर्कश आवाजाची गाडी कोणीतरी मनसोक्त हाणलेली असते. न्यूझीलंडांत मोठ्या फेरफारांस निराळें प्रमाणपत्र लागतें व त्याची पट्टी गाडीवर ठोकलेली असावी लागते. ती नसेल तर गाडी तपासणींत अडते. रस्त्यावर शर्यती लावणारांविरुद्ध तेथें २००३ सालीं कायदा झाला, आणि २००९ पासून तर वारंवार अपराध करणाराची मोटार यंत्रांत घालून चिरडण्याचाही अधिकार न्यायालयास मिळाला. आपल्याकडे दंड भरून सुटणाऱ्या तरुणांनीं हें ऐकून ठेवावें.

एक साधन मात्र गरीब गिऱ्हाइकाच्या हातांत आहे, आणि तें फुकट आहे. पण विचारल्याशिवाय तें कोणी दाखवीत नाहीं. जपानी लिलावांत प्रत्येक गाडीची तपासणी होऊन एक पत्रक भरण्यांत येतें. त्यावर ५, साडेचार, ४, साडेतीन असे गुण असतात. 'आर' असें अक्षर असेल तर गाडी अपघातांतून दुरुस्त केलेली समजावी. आंतल्या बाजूस 'ए', 'बी', 'सी' अशी निराळी प्रत. खालीं गाडीची आकृति काढून तिच्यावर खुणा केलेल्या असतात: 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोंचा, 'डब्ल्यू' म्हणजे पत्रा ठोकून रंग दिलेला, 'एस' म्हणजे गंज; आणि अक्षरापुढील आंकडा जितका मोठा तितका दोष मोठा. आमच्या परीक्षेच्या गुणपत्रकापेक्षां हें पत्रक अधिक प्रामाणिक असतें, असें म्हणण्याचा आम्हांस मोह होतो. विक्रेता पत्रक हरवलें म्हणूं लागला तर त्याच्या दुकानांतून उठावें. जपानांतून गाडी बाहेर काढतांना मिळणाऱ्या सरकारी दाखल्यावर मागच्या तपासणीच्या वेळचे किलोमीटरही असतात. ते गाडींतल्या आंकड्याशीं ताडून पाहावे, कारण आंकडे मागें फिरविण्याची विद्या फार जुनी आहे. पत्रक जपानींत असतें हें खरें. पण ज्यानें परक्या देशांत परक्या भाषेंत औषधांचीं नांवें पाठ केलीं, त्याला पंधरा-वीस खुणा पाठ करणें जड नाहीं.

आमच्या उत्तरानंतर आठ दिवसांनीं त्याचें दुसरें पत्र आलें. त्यांत लेगसीचें नांव नव्हतें. नुकत्याच बंदरावर उतरलेल्या एका पांढऱ्या अल्टेझाचें लिलावपत्रक त्यानें सोबत पाठविलें होतें: गुण ४, आंतली प्रत 'बी', किलोमीटर ९८,०००; विक्रेता सात हजार आठशें मागतो. बेल्टाचा कागद नाहीं, आणि उजव्या बाजूच्या मागल्या दारावर 'डब्ल्यू २' अशी खूण आहे. बेल्टाचे पैसे किमतींतून कापून माग, आणि तें दार भर उन्हांत, गाडीच्या मागें तिरपें उभें राहून पाहा, असें त्याला उलट टपालानें कळविलें आहे.